आकडे नसलेला आलेख

काजूच्या कारखान्यात मी नोकरीला लागले तेव्हा मालकांनी मला पहिल्यांदा कारखाना दाखवला नाही, एक खोली दाखवली. कचेरीच्या मागची ती खोली म्हणजे सगळ्या कारखान्यातली एसी असलेली एकच जागा. आत लोखंडी रॅकवर सर्व्हर घुरघुरत होता आणि त्याच्यावर झेंडूचा सुकलेला हार होता. दसऱ्याला पूजा झाल्यापासून तो कोणी काढला नव्हता.

"ह्यो आमचो प्लॅटफॉर्म," मालक म्हणाले. "हिशेब, माल, पगार, सगळा हेच्यावरच चलता. आता तू जी वेबसाइट करशीत ती पण हेच्यावरच. दुसरा काय एक आणूचा नाय."

मी पुण्यात काही वर्षं वेबसाइटींचंच काम केलं होतं. तिथे नवं काम आलं की ते कोणत्या तंत्रज्ञानात करायचं यावर आमच्यात दिवसदिवस वाद चालायचे, आणि खरं सांगायचं तर ते वाद मला कामापेक्षा जास्त आवडायचे. मग नवऱ्याला नांदगावजवळच्या शाळेत शिक्षकाची नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. मी मूळची आचऱ्याची, त्यामुळे मला इथली माणसं नवी नव्हती. नवी होती ती ही गोष्ट, की वाद सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला आहे.

"पण का?" मी विचारलं. भांडायला नव्हे, मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ज्या प्लॅटफॉर्मचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं तो या माणसाने का निवडला असेल?

मालक खुर्चीत बसले. "आदी तीन जाणांनी तीन तऱ्हेचा करून ठेवला होता. एक दुबयक गेलो. एकान दुसरो धंदो घातल्यान. तिसऱ्याचो फोनच लागणा नाय. पासवर्ड खंय आसा ता पण कोणाक म्हायत नाय. मगे मी ठरवलंय, जा काय बिघडात, तेच्यासाठी एकाच नंबरार फोन करूचो."

मी हट्टाची अपेक्षा केली होती, मिळालं ते कारण. आणि ते कारण असं होतं की त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच ठरवलं असतं. त्या दिवशी बसने घरी येताना माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न घोळायला लागला. घर दुसऱ्याने घेतलंय हे मान्य. पण मग चूल कुठे मांडायची, खिडकी कुठली उघडायची, हे तरी माझ्या हातात आहे की नाही?

पुढचा आठवडाभर मी तो प्लॅटफॉर्म नव्या भाड्याच्या घरातली कपाटं उघडून बघावीत तसा उघडून बघितला. बरंचसं सामान तयार होतं. अर्जाचा चौकोन, तक्त्याचा चौकोन, फोटोचा चौकोन. उचलायचे आणि पानावर ठेवायचे. एक भाग नुसता अहवालांचा होता, त्यात स्तंभांचे आणि वर्तुळांचे आलेख काढता यायचे. आणि एका कोपऱ्यात "रिकामं पान" नावाची जागा होती. तिथे स्वतःचं काहीही लिहायची मुभा होती, मात्र त्यांच्या स्वतःच्या भाषेत. ती भाषा मला येत नव्हती. तिची माहितीपुस्तिका अशा इंग्रजीत होती की ती चार-पाच माणसांच्या हातून, बहुतेक एकमेकांशी न बोलता, लिहिली गेली असावी.

काम मात्र अगदी छोटं होतं. काजूच्या हंगामात आजूबाजूच्या गावांतले शेतकरी बी घेऊन येतात. ती खळ्यावर सुकवायची असते. खळं भरलं की नवी बी घेता येत नाही, आणि मग टेम्पो महामार्गाच्या कडेला उभे राहतात. काही जण कंटाळून तसेच परत जातात. मालकांना हवं होतं ते इतकंच, की घरातून निघण्याआधी शेतकऱ्याला मोबाइलवर कळावं, आज कारखाना बी घेणार की नाही. माल उतरवून घेणारे एक काका होते. त्यांनी सकाळी खळं बघायचं आणि कचेरीतल्या संगणकावर एक बटण दाबायचं. हो किंवा नाही. एवढं छोटं काम मी आधी कधी केलं नव्हतं, आणि एका कामासाठी इतका विचारही कधी केला नव्हता.

पहिल्यांदा मी सवयीने गेले. पुण्यात शिकलेली जावास्क्रिप्टची नवी पद्धत मी त्या रिकाम्या पानात बसवली. त्यांच्या घरात माझंच कपाट नेऊन ठेवल्यासारखं. पान दिसायला देखणं झालं. "हो" हा शब्द हळूच वर सरकत यायचा, मागे काजूच्या पानांचं चित्र हलायचं. मालकांना दाखवलं, ते खूश झाले.

रविवारी मी नणंदेकडे वालावलला गेले. तिची स्वतःची काजूची बाग आहे आणि बी ती आमच्याच कारखान्याला घालते. खाडीच्या बाजूला उतरत गेलेलं तिचं घर, मागे डोंगर. मोबाइलला तिथे सिग्नलची एक काडी मिळाली तरी ती समाधानी असते. मी तिला पान उघडायला सांगितलं. पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरायला लागला.

"ह्या काय गोल गोल फिरता?" तिने विचारलं.

"उघडता ता."

"मगे उघडूक व्हया मां?"

आम्ही दोघी त्या गोलाकडे बघत राहिलो. तिने चहा टाकला, गाळला, कप आणून ठेवले. गोल फिरतच होता. शेवटी "हो" वर सरकत आला तेव्हा ती म्हणाली, "तेवड्यात तुज्या काकांक फोन केलो असतंय तर तेंनी घरातली सगळ्यांची चौकशी पण केली असती."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला मजा वाटायला लागली. त्या एका वाक्याने पुण्यातले ते लांबलचक वाद एकदम वेगळे दिसले; आम्ही वाद घातले होते ते सगळे कचेरीच्या वायफायवर बसून.

सोमवारपासून आठवडाभर मी तेच पान तीन तऱ्हांनी केलं. पहिलं, माझ्या नव्या पद्धतीचं. दुसरं, प्लॅटफॉर्मच्या तयार चौकोनांचं. तिसरं, त्यांच्या त्या अनोळखी भाषेत, सर्व्हरवरच सगळं तयार करून नुसता मजकूर पाठवणारं. तिसऱ्यासाठी मला भाषा शिकावी लागली. तिचे वापरणारे जगभर विखुरलेले होते आणि एका मंचावर एकमेकांना उत्तरं द्यायचे. तिथे कोणी रुग्णालयाची पाळीपत्रकं बनवत होतं, कोणी बंदरावरच्या क्रेनचा हिशेब ठेवत होतं. सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी होती, हा प्लॅटफॉर्म त्यांच्यापैकी कोणीच स्वतः निवडला नव्हता. "आमच्या कंपनीने घेतलाय, तर त्यातच..." अशी बहुतेक प्रश्नांची सुरुवात. मला ती माणसं फार जवळची वाटली. ज्यांना निवड करता आली नव्हती ती माणसं आतल्या आत किती बारीकसारीक निवडी करत होती!

पुढच्या रविवारी मी पुन्हा वालावलला. नणंद मला घेऊन शेजारच्या चार घरांत गेली. ती पुढे, मी मागे, दोघींच्या हातात मिळून तीन मोबाइल, तिन्हींवर तीन पानं. विहिरीपाशी, गोठ्याच्या मागे, देवळाच्या तळ्याकाठी. तिसरं पान सगळीकडे पटकन उघडलं. दुसरं कधी उघडायचं, कधी अर्धंच. एका घरातल्या म्हातारबांनी तर तिसरं पान बघून विचारलं, "ह्या फोटो आसा काय?" इतकं ते लगेच आलं होतं. मी हसले. त्यांच्या प्रश्नाकडे तेव्हा जरा नीट लक्ष दिलं असतं तर पुढचा गोंधळ टळला असता, पण ते सुचायला पुढचा हंगाम यावा लागला.

मालकांना मी तिसरं पान दाखवलं तेव्हा ते जरा हिरमुसले. "पयला बरा दिसत होता. पानां हलत होती."

"वालावलात ती हलणत नाय, मालक. गोल फिरता नुसतो."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

हंगाम सुरू झाला आणि पान चाललं. महामार्गावरची टेम्पोंची रांग आखडली. काका रोज सकाळी खळ्यावर एक फेरी मारायचे, आत यायचे, चष्मा लावून बटण दाबायचे आणि "झाला" असं मोठ्याने सांगायचे, जणू बटणाला ऐकू जायला हवं. मी थोडी निवांत झाले होते.

मग एक दिवस सकाळपासून आभाळ भरून आलं. खळ्यावरची बी भराभर आत ओढावी लागली, गोदामात पाय ठेवायला जागा राहिली नाही. काकांनी "नाही" दाबलं. तरी दुपारच्या आत फाटकाशी एक टेम्पो येऊन उभा राहिला. टेम्पोवाल्याच्या शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या, मागे ताडपत्रीखाली पोती.

"आज घेणत नाय, आवशी," काका त्यांना म्हणाले. "मोबायलार नाय म्हणान लिवलेला आसा."

"कसा नाय? हो लिवलेला आसा!" बाई खाली उतरल्या आणि मोबाइल काकांच्या नाकासमोर धरला. "वाचा. हो! वाचून मगेच मी टेम्पो सांगलंय."

काकांनी मला हाक मारली. मी बघितलं. माझंच पान, माझीच अक्षरं, मोठ्ठा "हो". मी धावत आत गेले, सर्व्हरवर बघितलं, तिथे "नाही". स्वतःच्या मोबाइलवर उघडलं, "नाही". मला वाटलं, प्लॅटफॉर्म जुनं पान साठवून ठेवून तेच देतोय. मी प्लॅटफॉर्मवाल्यांच्या त्या एकाच नंबरला फोन लावला. पलीकडच्या इंजिनिअर बाई शांतपणे सगळं तपासून म्हणाल्या, "मॅडम, सर्व्हरवरून तर सकाळपासून 'नाही'च जातंय. तुम्ही त्यांच्याच मोबाइलवर पान परत उघडून बघता का?"

मी बाहेर गेले आणि त्या बाईंचा मोबाइल मागितला. पान परत उघडायला म्हणून बोट लावलं तर ते मोठं झालं, लहान झालं, बाजूला सरकलं आणि मागून एका बारशाचा फोटो आला. ते पान नव्हतंच. पानाचा फोटो होता. कालचा.

"ह्यो तुमका कोणी धाडल्यान?"

"शेजारच्या चेडवान."

"आणि तिका?"

"आता तिका इचारूक व्हया." त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. शेजारच्या मुलीला तो तिच्या मामीकडून आला होता, मामीला गावच्या ग्रुपवर मिळाला होता. त्या ग्रुपवर कोण टाकतं? मुलीने सांगितलेला पत्ता ऐकून मी फाटकाला टेकूनच राहिले. वालावलची, खाडीजवळच्या घरातली, जिची वहिनी कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करते ती. माझी नणंद!

तिला फोन केला तर ती अभिमानाने म्हणाली, "अगो, मी रोज सकाळी फोटो काढून सगळ्यांक धाडतंय. लोकांक खंय ता पान उघडूक येता? फोटो बरो. एक काडी असली तरी जाता."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात थेंब पडायला लागले. मालक बाहेर आले. काकांनी सगळं सांगितलं, बाईंनी पुन्हा एकदा सांगितलं, आणि दोघांनीही ते एकाच वेळी सांगितलं. मालकांनी गोदामाकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं, मग कचेरीकडे बघितलं.

"मशीनाच्या खोलयेत ठेवा," ते म्हणाले.

"सर्व्हरच्या?" मी विचारलं.

"सुकी आसा मां? थंड पण आसा. मशीनाक काय व्हता तेच्यान?"

पोती उतरवून आत नेली. बाईंनी खोलीच्या दारात उभ्या राहून आपली पोती नीट रचलेली बघितली, एसीच्या वाऱ्याला हात लावून बघितला आणि समाधानाने टेम्पोत चढल्या. खळं मोकळं होईपर्यंत मी त्या पोत्यांशेजारी स्टूल घेऊन काम केलं. कच्च्या बीचा वास माझ्या ओढणीला लागला तो धुऊनही जाईना.

पण त्या वासात बसून मी ज्या कुतूहलाने काम केलं तसं क्वचितच केलं असेल. मी पानासाठी तंत्रज्ञान निवडलं होतं, आणि पान कोणी उघडतच नव्हतं. ते एकदा उघडलं जायचं, वालावलात, आणि पुढचा सगळा प्रवास चित्र म्हणून करायचं. मग प्रश्न असा, की चित्र म्हणून प्रवास करणारी गोष्ट या प्लॅटफॉर्मवर कशी करायची?

पहिली अडचण तारखेची. प्लॅटफॉर्म ती आपोआप लिहायचा, पण राखाडी रंगात, बारीक, महिना आधी आणि दिवस नंतर. फोटो काढताना ती कापलीच जायची. मी वार मोठा लिहायचं ठरवलं. तरी घाईत कोण वाचतो? वारागणिक मागचा रंग बदलला तर? कोणत्या वाराला कोणता रंग, हे मी नणंदेला विचारलं.

"तेका काय इचारूचा? नवरात्रातले रंग घाल. सोमवारी पांढरो, मंगळवारी लाल, बुधवारी निळो. सगळ्या बायकांक पाठ आसत."

खरंच होतं. मी रंग घातले. चार दिवस छान गेले. शुक्रवार आला आणि त्या दिवशी नेमकं "नाही" होतं. शुक्रवारचा रंग हिरवा. हिरव्या पानावर "नाही" बघून दोन टेम्पो आले, कारण हिरवा म्हणजे चालू असं त्यांना वाटलं. नणंदेच्या ग्रुपवर यावरून मोठी चर्चा झाली. पुरुष म्हणाले, हिरवो म्हणजे सिग्नल. बायका म्हणाल्या, हिरवो म्हणजे शुक्रवार. शेवटी शुक्रवारचा हिरवा पोपटी झाला आणि त्यावर "नाही" इतकं मोठं झालं की खाली दुसरं काही मावेना.

दुसरी अडचण जास्त गमतीची होती. नणंद रोज फोटो काढणार, म्हणजे ती आजारी पडली की अख्खा भाग अंधारात. मग सर्व्हरनेच सरळ चित्र तयार करून दिलं तर? पण प्लॅटफॉर्मला चित्र काढता येत नव्हतं. माहितीपुस्तिका मी सगळी चाळली. मंचावर विचारलं. क्रेनवाला म्हणाला, जमणार नाही. रुग्णालयवाली म्हणाली, जमलं तर मलाही सांग.

अहवालांचा तो भाग मला एकदा जेवताना आठवला. आलेख! आलेख म्हणजे चित्रच की. प्लॅटफॉर्मला फक्त एकच चित्र काढता यायचं, आलेखाचं. आणि आलेखाला शीर्षक देता येतं. मी डबा तसाच ठेवला आणि आत जाऊन एक आलेख मागितला, ज्याच्यात एकही आकडा नव्हता. स्तंभ नाहीत, रेषा नाहीत, वर्तुळ नाही. नुसतं शीर्षक, देता येईल तेवढं मोठं: "मंगळवार. आज हो." मागची पाटी लाल.

प्रत्येक वेळी एक सूचना यायची, "माहिती उपलब्ध नाही," तीही चित्रात उमटायची. ती घालवायला मी पुन्हा त्या नंबरला फोन केला.

इंजिनिअर बाईंनी आलेख उघडून बघितला. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या आलेखात आकडेच नाहीत."

"हो. आकडे नकोच आहेत."

"मग आलेख कशाला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. टेम्पो, फोटो, पोती, नवरात्रातले रंग. त्या हसायला लागल्या, मग म्हणाल्या, "थांबा, मलाच आता बघायचंय हे कसं होतं ते." त्यांनी सुचवलं की एक आकडा द्यायचा, शून्य, आणि त्याचा रंग पाटीच्या रंगासारखाच ठेवायचा. तसं केलं. सूचना गेली. लाल पाटीवर लाल शून्य, कोणाला न दिसणारं, आणि वर "आज हो".

ते चित्र आता रोज सकाळी काकांनी बटण दाबलं की तयार होतं. नणंद ते घेते आणि ग्रुपवर टाकते. ती नसली तर तिची शेजारीण टाकते. रुग्णालयवालीने माझी पद्धत नेली. कुठल्या तरी दूरच्या शहरात परिचारिकांच्या पाळ्या आता आकडे नसलेल्या आलेखांवर छापल्या जातात असं तिने लिहिलं.

प्लॅटफॉर्मचा करार संपत आला तेव्हा मालकांनी मला बोलावलं. "आता तू सांग. ह्योच ठेवूया काय दुसरो घेवया? ह्या टायमाक तू निवड."

पुण्यात असते तर माझ्याकडे उत्तर तयार असतं. इथे मात्र मी म्हटलं, "माका थोडे दिवस देवा." मी बाहेरचे दोन प्लॅटफॉर्म वापरून बघितले. दोन्हींत चित्र काढणं सोपं होतं, काही खटपट नव्हती. एकात हिशेबाचा भाग कच्चा होता. दुसरा सगळ्याच बाबतीत चांगला होता, पण बिघडलं तर फोन उचलणारं कोणी नव्हतं, फक्त ईमेल. मी तिन्ही मालकांसमोर मांडले आणि माझं मतही सांगितलं. हिशेब इथेच राहू द्या, लोकांसाठीचं पान दुसरीकडे नेऊया.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदोन प्रश्न विचारले आणि सगळ्याचाच करार जुन्याकडे वाढवला. "तुजा बरोबर आसा," ते म्हणाले, "पण दोन नंबर माका नको."

मला थोडं लागलं. खोटं कशाला बोला. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मगे आता काय करतलंस?"

मी म्हटलं की अहवालांच्या भागात नकाशाचाही एक प्रकार आहे, अजून उघडूनच बघितलेला नाही. गावागावाला वेगळा रंग देता येतो म्हणे. कोणत्या गावाने कोणत्या दिवशी यायचं, हे त्यात बसेल का?

"बसात काय?" त्याने विचारलं.

"म्हायत नाय," मी म्हटलं. "फाल्या सकाळी उघडून बघतंय."